एकाच आठवड्यातली वादळं

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी माझा नवरा अंटार्क्टिकावरून फोनवर बोलत होता. सासूबाई डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात ना, हे विचारून झालं. माझ्या निवडणुकीच्या ड्यूटीचं विचारून झालं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "ऐक ना, मला तुला एक..." तेवढ्यात तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज आला आणि लाइन गेली.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ते ऐकायच्या आतच फोन गेला. त्यामुळे त्याला काही सांगायचं होतं, की विचारायचं होतं, हेसुद्धा मला कळलं नाही. दोन्हींत फार फरक आहे. 'सांगायचंय' असेल तर त्याचं काहीतरी ठरलेलं आहे. 'विचारायचंय' असेल तर अजून माझ्या हातात काहीतरी आहे. मी फोन हातात धरून बसून राहिले आणि सासूबाई समोरून विचारत होत्या, "काय झाला गो? ठेवलो त्याना?"

"नाही, आई. लाइन गेली."

"मगे परत लाव."

पण इकडून फोन लागत नसे. तिकडून यायचा तेव्हाच यायचा.

नवरा एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वात सारखे बारीक बदल होत असतात, ते मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्याचं काम. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, लालबागच्या मालवणी घरातला, कमी बोलणारा माणूस. माझं माहेर भोईवाड्याचं, बौद्ध. आमचं लग्न दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडून आणि मग पंक्ती वाढून मान्य केलेलं. मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवते.

तो गेला तेव्हा उन्हाळ्यापुरताच जाणार होता. तिथला उन्हाळा म्हणजे आपली थंडी. होळीपर्यंत परत येतो म्हणाला होता. पण हिवाळाभर तिथे राहून यंत्रं सांभाळणारा जो दुसरा माणूस होता, तो आजारी पडला आणि त्याला परत पाठवावं लागलं. त्याच्या जागी हा थांबला. मला फोनवर म्हणाला, "थांबायला सांगितलंय." आठवड्याने तो आईशी बोलत असताना मी स्पीकरवर ऐकलं, "मीच म्हटलं, मी थांबतो." यातलं खरं कुठलं? मी विचारलं नाही. फोन मोजकेच यायचे आणि त्यातला वेळ भांडणात घालवावासा वाटत नव्हता. पण त्या दोन वाक्यांमध्ये मी हिवाळाभर अडकले होते. एकदा थंडी पडली की तिथून कुणाला बाहेर पडता येत नाही, जहाज नाही, विमान नाही. म्हणजे हा माणूस मला सोडून जायचं नाही, पण माझ्यापासून दूर राहायचं स्वतःहून ठरवून बसला होता का? आणि त्या संध्याकाळी तो हेच बोलणार होता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल उघडला तर सगळीकडे लाल आभाळ. लडाखच्या डोंगरांवर आभाळ गुलबट लाल झालं होतं. युरोपातल्या लोकांनी आपापल्या गच्चीवरून हिरवे-जांभळे पडदे टिपले होते. टीव्हीवर निवेदक ओरडत होता, "पृथ्वीवर सौर वादळाचा तडाखा!" खाली पट्टी फिरत होती की ध्रुवांकडच्या भागात रेडिओ बंद, उपग्रहांना धोका.

सासूबाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना दूरचं चांगलं दिसायचं, तरी सवयीने जवळ जायच्या.

"ह्या खयचा वादळ?"

"सूर्याचं, आई."

"सूर्यावरसून वारो येता?"

"म्हणजे वारा नाही तो. वाऱ्यासारखंच पण..." मी अडखळले. सातवीच्या वर्गाला मी हे दरवर्षी शिकवते. सूर्याकडून विद्युतभारित कण सतत बाहेर पडत असतात, त्याला सौर वारा म्हणतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवतं. ध्रुवांजवळ मात्र ते वरच्या वातावरणात शिरतात आणि ध्रुवीय प्रकाश दिसतो. मी फळ्यावर हिरव्या खडूने नागमोडी रेघ काढते आणि पुढच्या धड्याकडे जाते. कुणी कधी शंका विचारली नव्हती.

सासूबाईंनी विचारली. "मगे आमका कसो लागणा नाय? सूर्य तर आमच्या डोक्यार आसा. तो थंय खालच्या टोकाक जावन कशाक लागता?"

मला उत्तर येत होतं. पण तोंडातून निघेना, कारण ती शंका विचारणाऱ्या बाईचा मुलगा त्या खालच्या टोकाला होता.

दुपारपर्यंत त्याला पाठवलेल्या सगळ्या मेसेजपुढे एकच टिक होती. मी उठून भोईवाड्याला वडिलांकडे गेले. वडील छापखान्यात काम करून निवृत्त झालेले. अजूनही पेपर वाचताना आधी छपाईच्या चुका दिसतात त्यांना. त्यांनी मला पाणी दिलं आणि पेपर समोर ठेवला.

"वाचलंस? सौर वादळ."

"हो, बाबा. त्याचा फोन बंद आहे कालपासून."

"त्याच्यामुळेच?"

"माहीत नाही."

"मग विचार ना कुणाला. हे विज्ञानाचं आहे, बाळ. याचं उत्तर कुणाकडे तरी असणार. अंदाजाने घाबरायचं नाही."

ते असं ठामपणे म्हणाले, आणि दोनच मिनिटांनी हळूच विचारलं, "सूर्य एवढा भडकला म्हणजे तिथला बर्फ तर नाही ना फुटायचा पायाखालचा?"

त्यांच्यासमोरच मी संस्थेत फोन लावला. तिथल्या एक शास्त्रज्ञ बाई नवऱ्याबरोबर काम करायच्या. त्यांचा आवाज आनंदाने भरलेला होता. त्या रात्रभर जाग्या होत्या म्हणाल्या. इतकं मोठं चुंबकीय वादळ त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"अहो, काळजी करू नका. हे सगळं शंभर किलोमीटरच्या वर चालतं. खाली उभ्या माणसाला काही होत नाही."

"मग फोन?"

"ते वेगळं. काल संध्याकाळपासून तिकडे बर्फाचं वादळ आहे. जोराचं. आम्हालाही तिकडून माहिती येणं थांबलंय."

"म्हणजे सौर वादळामुळे नाही?"

"खरं सांगू? अँटेना वाऱ्याने हलली असेल. किंवा वरच्या थरातल्या गडबडीने लहरी विस्कटत असतील. दोन्ही एकाच वेळी आलंय, त्यामुळे कशाने काय झालं हे आत्ता आम्हालाही सांगता येत नाही."

मी फोन ठेवला. वडिलांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"दोन वादळं आहेत, बाबा."

"दोन?" त्यांनी पेपर पुन्हा उचलला, पहिल्या पानापासून चाळला. "इथे एकच दिलंय."

आणि मग तिसरं आलं. सोमवारी दुपारी माटुंग्याला निवडणुकीचं प्रशिक्षण आटोपून मी बसने लालबागला परतत होते. उन्हाचा कडाका होता. हिंदमाताच्या जवळ आभाळ एकाएकी तपकिरी झालं. नुसतं अंधारलं नाही, तपकिरी झालं, मळक्या चहासारखं. धूळ उसळून बसच्या खिडक्यांवर आदळायला लागली. कुणाची छत्री, कुणाचे कागद, रस्त्याकडेच्या दुकानांची ताडपत्री, सगळं उडत होतं. बसमधली एक बाई म्हणाली, "हेच ते सूर्याचं." मागच्या सीटवरून कुणी म्हणालं, "अरे हां, टीव्हीवर सांगत होते ना." मी भूगोलाची शिक्षिका. मला माहीत होतं की ही साधी वळवाच्या आधीची वावटळ आहे आणि सूर्यावरच्या घडामोडींशी तिचा काही संबंध नाही. पण मी वळून तसं सांगितलं नाही. त्या क्षणी मला स्वतःलाच खात्री वाटेना. त्या वादळात शहराच्या दुसऱ्या टोकाला जाहिरातीचा मोठा फलक कोसळून माणसं गेली, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

घरात शिरले तर खिडक्या आपटत होत्या, फरशीवर धुळीचा थर, आणि सासूबाई खाटेवर फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. फोन स्पीकरवर होता. पलीकडे गावाहून त्यांचा पुतण्या देवळातून बोलत होता. गाऱ्हाणं चाललं होतं.

"बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू पृथ्वीच्या खालच्या टोकाक आसा. थंय वाऱ्याचा, बर्फाचा, सूर्याचा, जा काय वाकडा इला आसात..."

"व्हय म्हाराजा," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"ता सगळा कडेक करून तेका सुखरूप घराक हाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी दारातच उभी होते. माझ्या माहेरी हे कधी नव्हतं आणि लग्नानंतरही मी यातून बाजूलाच राहिलेले. सासूबाईंनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नव्हता. मी चप्पल काढावी की मागे फिरावं ते ठरवत होते, तेव्हा पुढच्या ओळीला माझ्याच तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा." सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. परत मिटले. मी झाडू घेतला आणि धूळ काढायला लागले. वडिलांना हे सांगायचं की नाही, हा आणखी एक प्रश्न तयार झाला.

फोन त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आला, सकाळी. मी कपडे वाळत घालत होते.

"हॅलो? मी बोलतोय. बरा आहे मी."

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण मी म्हटलं, "पाहिलंस का रे? सगळ्या जगाने पाहिलं."

"काय?"

"ते आकाशातलं. लडाखमधूनसुद्धा दिसलं."

तो हसला, पण मनापासून नाही. "मी काहीच बघितलं नाही. बर्फाचं वादळ होतं ना. हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. दोर धरून यंत्रांच्या खोलीत गेलो आणि तिथेच अडकलो. पडद्यावर रेघा बघत बसलो. एवढ्या वर-खाली जात होत्या की मला वाटलं यंत्र बिघडलं. दोनदा उघडून तपासलं. माझ्या डोक्यावर सगळं आभाळ पेटलेलं असणार, आणि मी छपराखाली."

"वाईट वाटलं?"

"माहीत नाही. वाटायला हवं होतं."

मग मी विचारलं. "त्या दिवशी तू काय म्हणत होतास? मला तुला एक... काय? सांगायचंय का विचारायचंय?"

लाइनवर खरखर झाली. मला वाटलं परत लाइन गेली.

"विचारायचं होतं," तो म्हणाला. "हसू नकोस. आपल्या किचनच्या दिव्याचं बटण कुठल्या हाताला आहे?"

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो तसाच राहिला.

"काय?"

"मी इथे झोप लागत नाही तेव्हा मनात घरभर फिरतो. दार उघडतो, चपला काढतो, आईच्या खाटेजवळून आत जातो. किचनच्या दाराशी येतो आणि दिवा लावायला हात वर करतो, तर पुढे काही नाही. कुठला हात तेच आठवत नाही. तिथून आत जाताच येत नाही. रोज. घाबरायला झालंय गं."

"डावीकडे," मी ताबडतोब म्हटलं.

"नक्की?"

मी दिवसातून कितीदा ते बटण दाबत असेन. पण त्याने 'नक्की' म्हटल्यावर मला कळेना. आत जाऊन पाहिलं. बटण उजवीकडे होतं.

"उजवीकडे आहे," मी म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं."

"मलापण डावीकडेच वाटत होतं," तो म्हणाला, आणि त्याच्या घशातून एक आवाज आला. तो हसत होता की दुसरं काही, ते मला सांगता येणार नाही.

"त्या सूर्याच्या वादळाने डोक्यावर परिणाम होतो का रे?"

"नाही. ते नाही. हे त्याच्या आधीपासून आहे, अंधाराने होतं म्हणतात. इथले डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात बऱ्याच जणांना होतं. शब्द विसरतात, बोलता बोलता नुसते बघत राहतात." मग म्हणाला, "मलाही आधी असलंच काहीतरी वाटलं होतं पण."

मी त्या आठवडाभर मनात काय काय रचलं होतं! त्याला तिकडेच नोकरी मिळाली असेल, त्याला कुणी भेटलं असेल, त्याला परत यायचं नसेल. त्यातलं काहीच नव्हतं, आणि मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्यापेक्षा जास्त भीती वाटली. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं. किचनच्या दाराशी अडकलेल्या माणसाला आत कसं घ्यायचं, हे मला माहीत नव्हतं.

मग आम्ही असं सुरू केलं की प्रत्येक फोनला मी त्याला घराचा एक भाग सांगायचा. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर समोर शेजाऱ्यांचं तुळशीचं प्लास्टिकचं रोप. आपल्या दाराची कडी वरून घासते ती जागा. आईच्या खाटेखाली काय काय आहे. मला सोपं वाटलं होतं, सोपं नव्हतं. मी आधी जाऊन बघून यायची आणि मग फोनची वाट बघायची. सासूबाईंनी विचारलं, "भिंती काय बघतस गो?" मी खरं सांगितलं. तेव्हापासून त्याही बघायला लागल्या. "तेका सांग, मोरीच्या नळाक फडको बांधललो आसा, गळता म्हणान."

त्याच्या बाजूने तो मला वरचं आभाळ सांगायचा. ती त्याची पाळी.

"वर, शंभर-दोनशे किलोमीटरवर, हवा इतकी विरळ आहे की नसल्यासारखीच. सूर्याच्या वाऱ्याचा झोत आला की पृथ्वीचं चुंबकीय कवच आधी दबतं, मागच्या बाजूला शेपटासारखं ताणलं जातं, आणि मग साठलेली सगळी शक्ती ध्रुवांवर सुटते. प्रचंड वीज वाहते त्या हवेतून. ती तापते. तापली की फुगते, वर चढते. तिथून जाणारे उपग्रह तिला घासतात आणि खाली सरकतात."

"नसल्यासारखी हवा घासते?"

"घासते. तेच तर."

"आणि मग?"

"मग त्या तापलेल्या हवेचे वारे सुटतात वरच्या वर, ध्रुवांकडून मधल्या भागाकडे. काही तासांत तुमच्याकडेसुद्धा पोचतात. तुझ्या डोक्यावरून गेले असणार त्या दिवशी."

"लालबागवरून?"

"लालबागवरून, परळवरून. दिसत नाही, वाटत नाही. यंत्रालाच कळतं."

मी गॅलरीत जाऊन वर पाहिलं. नेहमीचं पांढुरकं आभाळ होतं, क्रेनचा हात होता, घारी होत्या. मला काहीच कळलं नाही. मी त्याला तसं सांगितलं आणि तो म्हणाला, "मलासुद्धा सगळं कळत नाही. मी यंत्र बघतो. ते का असं वागलं, हे तिकडे संस्थेतल्या बाई वर्षभर शोधत बसतील."

हिवाळा असा गेला. कधी तो छान बोलायचा, कधी दोन वाक्यांनंतर गप्प व्हायचा आणि मीच घराबद्दल बोलत राहायची. एकदा त्याने मला हिरव्या प्रकाशाचा फोटो पाठवला, नंतरच्या एका साध्या, शांत रात्रीचा. सुंदर होता. खाली लिहिलं होतं, 'हा लहान आहे.'

तो परत आला तेव्हा इथे थंडी संपत आली होती. विमानतळावर मी आणि सासूबाई गेलो होतो. दाढी वाढलेली, डोळे मोठे. लालबागच्या नाक्यावर टॅक्सीतून उतरल्यावर मिरची कांडण्याच्या गिरणीचा ठसका आला आणि तो फुटपाथवरच शिंकत, खोकत, डोळे पुसत उभा राहिला. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "नजर लागली," त्या म्हणाल्या. "मिरची लागली," मी म्हटलं. तो शिंकतच राहिला.

घरी सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. महिनाभर तो दिवसा झोपायचा. माझ्याशी बोलताना मध्येच थांबून बघत राहायचा. परळच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी वेळ द्या म्हणून सांगितलं. वेळ दिला. आता तो पुष्कळ बरा आहे. कामावर जातो, सासूबाईंशी वाद घालतो. वडिलांशी त्याचं छान जमतं. वडिलांनी त्याला एकदा विचारलं की एवढं मोठं वादळ चुकलं याचं दुःख होतं का. तो म्हणाला, "चुकलं कुठे? मी त्याच्या आतच होतो." वडील मान हलवत राहिले. नंतर मला स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "म्हणजे काय गं?"

गेल्या महिन्यात मला एका बाईचा फोन आला. वडाळ्याला राहते, मुलगी लहान आहे. तिच्या नवऱ्याला संस्थेने पुढच्या हिवाळ्यासाठी विचारलंय आणि त्याने अजून होकार दिलेला नाही. नंबर त्या शास्त्रज्ञ बाईंनी दिला होता.

"ताई, तुमचे मिस्टर राहून आले ना? कसं असतं ते?"

मी बोलायला लागले. फोन कधी येतो ते सांगितलं, अंधाराचं सांगितलं, बर्फाच्या वादळाचं सांगितलं, सूर्याच्या वादळाला घाबरायचं नसतं हेही सांगितलं. मग मी वरच्या हवेवर गेले, ती कशी फुगते, कुठून कुठे वाहते. मध्येच गाऱ्हाण्याचंही बोलून गेले. ती बिचारी शांतपणे ऐकत होती. पाठीमागे तिची मुलगी काहीतरी मागत होती.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे पाठवू की नको?"

मी खूप विचार केला. खरंच केला. म्हटलं, "मला नाही गं सांगता येत."

"पण तुम्ही तर राहिलात ना एवढं?"

"राहिले. तू असं कर, एकदा घरी ये. सासूबाईंशी बोल, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलंय."

ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. रागावली होती की तिला हसू येत होतं, आवाजावरून मला काही अंदाज आला नाही.